तांब्यावरचा सेनापती

लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात एका घोडेस्वाराची छापील चित्रं आहेत. घोडा तोच, चिलखत तेच, शेजारून चालणारा सेवकही तोच. बदलतं ते फक्त स्वाराचं डोकं. एका प्रतीत ते ऑलिव्हर क्रॉमवेलचं आहे, एकीत फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं, एकीत इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सचं. आणखी एका प्रतीत धडावर डोकंच नाही. मानेच्या जागी कोरा कागद आहे. ही सगळी चित्रं तांब्याच्या एकाच पत्र्यावरून छापलेली आहेत. पियर लोंबार नावाच्या फ्रेंच कारागिरानं तो पत्रा लंडनमध्ये, १६५०च्या दशकात कोरला.

मूळ रचना लोंबारची नव्हती. अँथनी व्हॅन डाइकनं १६३३ मध्ये पहिल्या चार्ल्सचं घोड्यावरचं भव्य तैलचित्र रंगवलं होतं, त्यावरून ती घेतली होती. १६४९ मध्ये त्या राजाचा शिरच्छेद झाला. मग त्याच्याच घोड्यावर, त्याच्याच ऐटीत, त्याला वधस्तंभाकडे नेणाऱ्या पक्षाचा सेनापती क्रॉमवेल बसला. सत्ता पालटली तसा पत्राही पालटला. जॉर्ज लेयार्ड या इंग्रज अभ्यासकाला हा प्रकार इतका विलक्षण वाटला की त्यानं १९२२ मध्ये या एका पत्र्यावर ‘द हेडलेस हॉर्समन’ नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं.

बरोक काळातल्या सरदारांची आणि सेनापतींची कोरीव व्यक्तिचित्रं समजून घ्यायची तर या पत्र्यापासून सुरुवात करावी, असं मला वाटतं. सतराव्या शतकातल्या युरोपात सेनापतीचा चेहरा सामान्य माणसाला दिसायचाच कुठे? तैलचित्र एकच असे आणि ते राजवाड्यात किंवा सरदाराच्या गढीत टांगलेलं असे. नाण्यावर राजा असायचा, सेनापती क्वचितच. प्रत्यक्ष लढणाऱ्या शिपायालाही आपला सेनापती दिसलाच तर दुरून, धुरातून आणि धुळीतून. अँटवर्पचा कापडव्यापारी, न्यूरेंबर्गचा वकील, लंडनचा विद्यार्थी या सगळ्यांनी टिली, वॉलनस्टाइन, त्युरेन हे सेनापती पाहिले ते छापील कागदावर. त्या कागदाचा उगम एका पत्र्यात होता. पत्रा ज्याच्या ताब्यात, चेहरा त्याच्या ताब्यात. ज्याचा चेहरा, त्याचा त्यावर फारसा हक्क चालत नसे.

हा पत्रा तयार कसा होई, ते नीट पाहायला हवं. कारण या चित्रांचं सगळं सौंदर्य आणि सगळा लबाडपणा त्या कृतीतच आहे. तांबं ठोकून सपाट करायचं, प्युमिस दगडानं आणि कोळशानं घासून त्यात चेहरा दिसेल इतकं लखलखीत करायचं. कोरण्याचं हत्यार म्हणजे बुरिन. पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा छेद असलेली पोलादी कांब, टोक तिरकं घासलेलं आणि मागे तळहातात बसणारी लाकडी मूठ. कारागीर बुरिन ओढत नाही, पुढे ढकलतो. नांगराच्या फाळानं माती उलटावी तशी तांब्याची बारीक तार वर उचलली जाते आणि मागे स्वच्छ तास पडतं. जास्त जोर दिला की तास खोल आणि रुंद होतं, जोर कमी केला की निमुळतं. म्हणजे एकच रेघ केसासारखी बारीक सुरू होऊन मध्ये भरदार होते आणि पुन्हा विरत जाते. वळणदार रेघेसाठी हात वळवायचा नसतो. पत्रा वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर ठेवलेला असतो. उजवा हात स्थिर ठेवून डाव्या हातानं पत्राच फिरवायचा. तासाच्या कडेला उठलेले काटे खरवडून काढायचे. नाहीतर त्यात शाई अडकते.

मग छपाई. शाई चरांमध्ये दाबून भरायची आणि वरचा पृष्ठभाग पुसून लख्ख करायचा. त्यावर ओलसर कागद, कागदावर लोकरी कापडाच्या घड्या, आणि हे सगळं दोन जड रुळांमधून दाबून काढायचं. ओला कागद चरांत शिरतो आणि शाई उचलून आणतो. अशा चित्राच्या चारी बाजूंनी कागदात दबलेली एक चौकट दिसते, ती पत्र्याच्या कडेची खूण. छापताना सगळं उलटं होतं. सेनापतीच्या उजव्या हातात दंड दिसायला हवा असेल, तर पत्र्यावर तो डाव्या हातात कोरावा लागे. खालची लॅटिन अक्षरंही आरशातल्यासारखी उलटी कोरावी लागत.

या कलेत करडा रंग नाही. शाई काळी, कागद पांढरा, मधलं काही नाही. गालावरची सावली, मखमलीची घडी, घोड्याच्या मानेवरचा घाम, हे सगळं रेघांची जाडी आणि त्यांच्यातलं अंतर यांवर उभं करायचं. एका रेघेवर तिरकी दुसरी रेघ घालायची, मधल्या चौकटीत बारीकसा ठिपका द्यायचा. ठिपका दिला की कातडी मऊ दिसते, नुसत्या समांतर रेघा ठेवल्या की पोलाद. पत्र्यावरून चांगल्या प्रती निघत त्या हजार-दोन हजार. मग रेघा झिजत, कारागीर त्यांच्यावरून पुन्हा बुरिन फिरवी आणि चेहरा दर वेळी थोडा राठ होत जाई. चेहराच बदलायचा तर तेवढा भाग खरवडायचा, घोटून गुळगुळीत करायचा, खळगा पडला असेल तिथे पाठीमागून हातोडीनं ठोकून तांबं वर आणायचं आणि नव्यानं कोरायचं. लोंबारच्या घोडेस्वारावर हीच शस्त्रक्रिया झाली.

ज्या काळात ही कला भरात आली, तो काळ युद्धाचा होता. १६१८ ते १६४८ अशी तीस वर्षं मध्य युरोप पेटलेला होता. बोहेमियातल्या बंडापासून सुरू झालेल्या या युद्धात डेन्मार्क उतरला, स्वीडन उतरला, शेवटी फ्रान्स उतरला. बातमीची भूक प्रचंड वाढली. फ्रँकफुर्टमध्ये मातेउस मेरियान या कोरक्यानं आणि प्रकाशकानं ‘थिएट्रुम युरोपेउम’ नावाचा चालू इतिहासाचा ग्रंथ १६३३ पासून छापायला घेतला. तो त्याच्या मागून १७३८ पर्यंत चालत राहिला आणि त्याचे २१ खंड झाले. त्यात वेढ्यांचे नकाशे, लढायांची विहंगम दृश्यं आणि पानोपानी सेनानींचे चेहरे. वाचक मजकूर वाचता वाचता तो ज्याच्याबद्दल आहे त्याचा चेहरा पाहू लागला. ही सवय तेव्हा नवी होती.

याच काळात अँटवर्पला व्हॅन डाइकनं एक मोठा उद्योग हाती घेतला, तो आज ‘आयकॉनोग्राफी’ या नावानं ओळखला जातो. आपल्या काळातल्या नामवंतांची एक चित्रमाला. मार्टिन फान डेन एन्डेन या प्रकाशकानं तिचे ८० पत्रे छापले. त्यांत १६ राजपुत्र आणि सेनापती, १२ मुत्सद्दी आणि विद्वान, आणि तब्बल ५२ चित्रकार, शिल्पकार, संग्राहक. हे प्रमाण लक्षात घेण्यासारखं आहे. रंग खलणाऱ्या माणसाला सेनापतीच्या मालिकेत, त्याच आकाराच्या कागदावर, त्याच डौलात बसवण्याचं धाडस व्हॅन डाइकनं केलं. काही मोजके पत्रे त्यानं स्वतः आम्लानं कोरले. बाकीच्यांसाठी तो खडूची रेखाटनं आणि तपकिरी-करड्या रंगातले छोटे तैलनमुने करून देई. त्यांवरून लुकास व्होर्स्टरमन, पाउलुस पाँटियस, पीटर द योडे अशा पट्टीच्या कारागिरांनी पत्रे कोरले. पुढे हे पत्रे खिलिस हेन्ड्रिक्स या दुसऱ्या प्रकाशकाकडे गेले. त्यानं १६४५ मध्ये शंभर चित्रांची आवृत्ती काढली. व्हॅन डाइक तोवर वारला होता.

त्या मालेतल्या १६ राजपुत्र-सेनापतींची नावं पाहिली की बाजाराचं बळ कळतं. अँटवर्प स्पेनच्या राजाचं, कट्टर कॅथलिक शहर. ब्रेडा जिंकणारा स्पिनोला, कॅथलिक संघाचा सेनापती टिली, पवित्र रोमन सम्राटाचा सरसेनापती वॉलनस्टाइन, घोडदळाचा पापेनहाइम हे त्यात असणारच. पण त्यांच्याच रांगेत स्वीडनचा प्रॉटेस्टंट राजा गुस्ताव आडॉल्फही आहे. याच राजाच्या फौजांनी टिलीचा ब्रायटनफेल्डला पराभव केला होता आणि याच्याशीच लढताना लुट्झेनला पापेनहाइमला प्राणघातक जखम झाली. शत्रूचाही चेहरा लोकांना हवा होता आणि छापणारा तो देत होता. वॉलनस्टाइनच्या बाबतीत तर सम्राटाचाच विश्वास उडाला आणि २५ फेब्रुवारी १६३४ रोजी एगर या गावी सम्राटाच्याच अधिकाऱ्यांनी त्याला ठार केलं. त्याचं कोरीव चित्र मात्र त्यानंतरही विकलं जात राहिलं. दरबाराची मर्जी आणि पत्र्याचं आयुष्य या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

ही सगळी मंडळी कागदावर एकसारख्याच थाटात उभी असतात. अर्ध्या देहाचं चित्र, छातीवर चिलखत, खांद्यावरून तिरका घेतलेला रेशमी शेला, हातात सेनापतीचा आखूड दंड, बाजूच्या चौथऱ्यावर शिरस्त्राण आणि मागे धुराचे लोट. कधी चेहऱ्याभोवती दगडी कमानीसारखी लंबगोल चौकट, तिच्यावर नाव आणि पदव्या, खाली घराण्याचं चिन्ह आणि स्तुतीच्या चार लॅटिन ओळी. शेल्याचा रंग युद्धात जीवन-मरणाचा असे. सगळ्या सैन्याला एकसारखा गणवेश तेव्हा नव्हता. स्पेन आणि सम्राटाकडचे लाल, डच नारिंगी, फ्रेंच पांढरा शेला घेत आणि त्यावरून आपला कोण, परका कोण ते ओळखत. कोरीव चित्रात नेमका हा रंगच हरवतो. घराण्याच्या चिन्हांसाठी मात्र तोडगा निघाला. सिल्वेस्त्रो पेत्रा सांक्ता या जेझुइट पाद्र्यानं १६३८ मध्ये रोमला छापलेल्या ग्रंथात एक पद्धत वापरली: उभ्या रेघा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, ठिपके म्हणजे सोनेरी, कोरी जागा म्हणजे रुपेरी. युरोपभरच्या कोरक्यांनी ती उचलली आणि चिन्हशास्त्रात ती आजही चालते. पुढे असं चित्र हाती आलं तर ढालीवरच्या रेघा जरूर पाहा. त्या नुसती नक्षी नाहीत.

आता चिलखताबद्दल. ते बहुतेक वेळा खोटं असतं. बंदुकीची गोळी अडवायची तर पत्रा इतका जाड करावा लागे की माणूस घोड्यावर थकून जाई. त्यामुळे सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत अंगभर चिलखत मागे पडत चाललं होतं. घोडेस्वार जाड कमावलेल्या कातड्याचा अंगरखा घालत, फार तर त्यावर छाती-पाठीचा पत्रा बांधत. गुस्ताव आडॉल्फचंच पाहा. १६२७ मध्ये पोलंडमधल्या डिरशाउच्या लढाईत त्याच्या मानेजवळ, खांद्यात गोळी घुसली. ती निघालीच नाही आणि त्या खांद्यावर लोखंडी चिलखत त्याला सोसेना. १६३२च्या नोव्हेंबरात लुट्झेनच्या रणात तो पडला, तेव्हा त्याच्या अंगात हरणाच्या जातीतल्या एल्कच्या कातड्याचा अंगरखा होता. शत्रूनं तो अंगरखा विजयचिन्ह म्हणून व्हिएन्नाला नेला. तो १९२० मध्ये स्वीडनला परत मिळाला आणि आज स्टॉकहोमच्या राजशस्त्रागार संग्रहालयात, गोळ्यांच्या आणि वारांच्या भोकांसह ठेवलेला आहे. याच राजाची चिलखतातली कोरीव चित्रं मात्र त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर गावोगाव विकली गेली. पोलाद हा तोवर सरदारीचा दरबारी पोशाख झाला होता. रणांगणावर काय घातलं होतं ते दाखवणं कोरक्याचं काम नव्हतंच. हा माणूस सेना चालवायला जन्मला आहे, एवढं दाखवणं हे त्याचं काम होतं.

चित्रात युद्धही असंच धुतलेलं येतं. १६३१च्या मे महिन्यात टिलीच्या फौजेनं माग्देबुर्ग शहर लुटलं आणि जाळलं. सुमारे वीस हजार माणसं मेली. टिलीच्या कोरीव व्यक्तिचित्रांत यातलं काही सापडणार नाही. ते सापडतं झाक कालोकडे. नान्सी शहरातल्या या कोरक्यानं १६३३ मध्ये युद्धाच्या यातनांवर १८ छोट्या चित्रांची मालिका प्रसिद्ध केली. तीत लुटलेली घरं आहेत, जळतं खेडं आहे, आणि एका झाडाला ओळीनं टांगलेले शिपाई आहेत. मोठ्या माणसांनी चालवलेलं युद्ध लहान माणसांवर कसं कोसळतं ते या कालोनं दाखवलं. त्याच हातानं त्यानं स्पिनोलाच्या ब्रेडाच्या वेढ्याचं सहा पत्र्यांचं अवाढव्य दृश्यही कोरलं होतं. दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय या काळाचं चित्र पुरं होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

तरीही या कलेचं शिखर कोणतं असं विचारलं तर मी एका सेनापतीच्याच चित्राकडे बोट दाखवीन. आंत्वान मासोंनं १६६७ मध्ये कोरलेलं आर्कूरच्या काउंटचं व्यक्तिचित्र. हांरी द लोरेन, आर्कूरचा काउंट, हा लोरेनच्या राजघराण्याच्या धाकट्या शाखेतला. कानात मोती घालायचा, म्हणून फ्रान्समध्ये त्याला ‘मोतीवाला धाकटा’ म्हणत आणि हे चित्रही याच नावानं प्रसिद्ध आहे. त्याचं नाव गाजलं ते १६४० मध्ये इटलीतल्या तुरिनला. तिथला प्रकार युद्धाच्या इतिहासात विरळाच. शहराच्या बालेकिल्ल्यात फ्रेंच शिबंदी अडकलेली, तिला शहरातल्या सव्हॉयच्या प्रिन्स तोमासोचा वेढा. तोमासोला बाहेरून आर्कूरचा वेढा. आणि आर्कूरला त्याच्याही बाहेरून स्पॅनिश फौजेचा. या वेढ्यांच्या चळतीतून आर्कूरनं शहर जिंकलं.

हा आर्कूर १६६६ मध्ये वारला. म्हणजे मासोंचा पत्रा पुरा झाला तेव्हा तो पाहायला आर्कूर नव्हता. मासोंनं तो निकोला मिन्यारच्या तैलचित्रावरून कोरला. मासोंची सुरुवात झाली होती शस्त्रकाराच्या भट्टीवर, हत्यारांवर आणि चिलखतांवर नक्षी कोरण्यात. हे माहीत झालं की चित्र वेगळंच दिसू लागतं. ज्या हातानं खरं पोलाद कोरलं, तो हात तांब्यावर पोलाद कोरतो आहे. चिलखतावर त्यानं लांब, अखंड, फुगत जाणाऱ्या रेघा ठेवल्या आहेत. जिथे उजेड पडतो तिथे त्या एकदम तुटतात आणि कोरा कागद चमकतो. गळ्यापाशी जाळीच्या लेसवर त्याच रेघांचे तुकडे होतात. केसांत त्या मोकळ्या सुटतात. आणि चेहऱ्यावर, वयानं सैल पडलेल्या कातडीवर, आखूड रेघांचा आणि ठिपक्यांचा असा दाट गालिचा आहे की भिंग लावल्याशिवाय तो रेघांचा आहे हे लक्षात येत नाही. मोती म्हणजे तर जवळजवळ कोरलेलाच नाही. भोवतीची सावली गडद केली आणि मधला कागद तसाच सोडला. दरबारी थाट सगळा जागच्या जागी आहे, पण चेहरा साठी ओलांडलेल्या, थकलेल्या, तरी ताठ माणसाचा आहे. साचा पाळूनही माणूस हातातून निसटू दिलेला नाही.

मासोंच्या काळात या धंद्याचा राजा होता रोबेर नांतय. १६२३ मध्ये रँसला जन्मलेल्या नांतयनं दोनशेहून अधिक पत्रे कोरले आणि त्यांतले जवळजवळ सगळे व्यक्तिचित्रांचे. इतर कोरके दुसऱ्याच्या तैलचित्रावरून काम करत. नांतय बहुधा स्वतः समोर बसून रेखाटन करी. मंत्री, पाद्री, न्यायाधीश, सेनापती सगळे त्याच्यापुढे बसले, खुद्द चौदावा लुईही. मार्शल त्युरेनचा रुंद, जाड भुवयांचा, काहीसा शेतकरी वळणाचा चेहरा आपल्याला ओळखीचा वाटतो तो बराचसा नांतयमुळे. १६७५ मध्ये साल्ट्सबाखला तोफेच्या गोळ्यानं त्युरेन ठार झाला. पुढे शार्ल पेरो या लेखकानं शतकातल्या थोर फ्रेंच माणसांवर शंभर कोरीव चित्रांचा ग्रंथ १६९६ ते १७०० या काळात काढला. त्यात त्युरेनला जागा होतीच.

नांतयच्या हयातीतच, १६६० मध्ये, लुईनं एक फर्मान काढून कोरीव चित्रकाराला कारागिरांच्या संघाच्या बंधनातून मोकळं केलं. ही विद्या मुक्त कलांपैकी एक ठरली. सरदारांनी या कलेला काय दिलं याचं मोजमाप करायचं तर ते इथे करावं. पैसा त्यांच्याकडूनच येत होता. सरदार पत्रा कोरून घेई, प्रती आप्तेष्टांना वाटी. विद्यापीठात कुणी प्रबंध मांडायला उभा राहिला की तो आपल्या आश्रयदात्याचं मोठं कोरीव चित्र वर छापून प्रबंधाचा फलक लावी. त्या मागणीतूनच नांतयसारख्यांची हयात कोरण्यात जाऊ शकली.

एक सेनापती मात्र स्वतःच हत्यार हातात घेऊन बसला. प्रिन्स रूपर्ट, पहिल्या चार्ल्सचा भाचा, इंग्लंडच्या यादवी युद्धात राजाच्या घोडदळाचा प्रमुख. त्या युद्धात हरून तो परदेशी गेला आणि तिथे त्याला मेझोटिंट या नव्या पद्धतीनं झपाटलं. ही पद्धत लुडविग फॉन सीगेन या जर्मन लष्करी अधिकाऱ्यानं शोधली होती; त्याचं पहिलं व्यक्तिचित्र १६४२चं. मेझोटिंटमध्ये सगळं बुरिनच्या उलट चालतं. आधी पत्रा दातेरी हत्यारानं सगळीकडून खरबरीत करायचा, इतका की तो छापला तर नुसता काळा मखमली चौकोन यावा. मग जिथे उजेड हवा तिथे तो घोटून गुळगुळीत करत जायचं. अंधारातून चेहरा वर येतो. रूपर्टनं हत्यारात सुधारणा केली, १६५८ मध्ये योहान बाप्तिस्ताचं शिर हाती घेतलेल्या जल्लादाचं मोठं चित्र या पद्धतीनं केलं आणि ते आजही या माध्यमातल्या उत्कृष्ट कामांत गणलं जातं. १६६१ मध्ये त्यानं ही विद्या जॉन एव्हलिन या विद्वानाला स्वतः करून दाखवली आणि एव्हलिननं पुढच्याच वर्षी आपल्या पुस्तकात तिची खबर इंग्लंडला दिली. पुढच्या शतकात इंग्लंडमध्ये व्यक्तिचित्र म्हटलं की मेझोटिंटच, इतकं ते तिथे रुजलं.

रूपर्टच्याच बाजूनं लढलेला एक शिपाई विल्यम फेथॉर्न. १६४५ मध्ये बेसिंग हाउस हा राजपक्षाचा तळ पडला तेव्हा तो कैद झाला. पुढे त्याला फ्रान्सला जाऊ दिलं गेलं, तिथे तो नांतयच्या प्रभावाखाली आला आणि परतून लंडनचा अव्वल कोरका झाला. त्यानं रूपर्टचं व्यक्तिचित्र कोरलं आणि क्रॉमवेलचंही.

या परंपरेची एक शाखा आपल्या दारापर्यंत येते. सतराव्या शतकाच्या अखेरीस गोवळकोंड्याकडच्या चित्रकारांनी हिंदुस्थानातल्या राजेरजवाड्यांची लघुचित्रं युरोपियनांसाठी रंगवली. असा ४९ चित्रांचा एक संग्रह अ‍ॅमस्टरडॅमचा महापौर निकोलास विट्सेन याच्याकडे गेला. तो आज तिथल्या राइक्सम्युझियममध्ये आहे आणि त्यात शिवाजी महाराजांचं चित्र आहे. फ्रान्स्वा व्हॅलेंटाइन या डच पाद्र्यानं १७२४ ते १७२६ या काळात पूर्वेकडच्या देशांवरचा आपला प्रचंड ग्रंथ छापला. त्यातही महाराजांचं चित्र आलं, आणि ते आलं तांब्यावर कोरून. रंग गेला, कुंचल्याची रेघ बुरिनची झाली. ज्यानं पत्रा कोरला त्यानं महाराजांना पाहिलं नव्हतं, दख्खनही पाहिलं नव्हतं. व्हॅन डाइकच्या कोरक्यांनीही आपले सगळे सेनापती कुठे पाहिले होते! पण दख्खनी चित्रकाराच्या हाताखालून गेलेला चेहरा त्या डच पत्र्यामुळे दूरवर पोहोचला, आणि इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांच्या खटपटीनं तो विसाव्या शतकात मराठी वाचकांसमोर आला. त्याआधी महाराष्ट्रात भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून चालत होतं.

म्हणूनच अशा चित्रांच्या तळाची बारीक अक्षरं न वाचता पुढे जाऊ नये. डाव्या कोपऱ्यात बहुधा मूळ चित्र रंगवणाऱ्याचं नाव असतं, उजव्या कोपऱ्यात कोरणाऱ्याचं, आणि मध्ये किंवा खाली छापून विकणाऱ्याचं. चेहरा प्रत्यक्ष पाहून काढला की दुसऱ्याच्या चित्रावरून, पत्रा कोणत्या शहरात आणि कुणाच्या मालकीत होता, राजाचा परवाना होता की नव्हता, हे सगळं त्या दोन ओळींत असतं. नुसतं कोरणाऱ्याचं नाव असेल आणि रंगवणाऱ्याचं नसेल, तर त्या चेहऱ्याचा उगम कुठला ते विचारावं. चित्र शाळेच्या पुस्तकात छापताना आपण नेमक्या याच ओळी कापून टाकतो, ही वाईट सवय आहे आणि ती आपल्या प्रकाशकांनी सोडायला हवी.

राइक्सम्युझियमनं आपल्या संग्रहातली हजारो कोरीव चित्रं मोठ्या आकारात संकेतस्थळावर ठेवली आहेत आणि ती विनामूल्य उतरवून घेता येतात. ब्रिटिश म्युझियमचा संग्रहही ऑनलाइन पाहता येतो. मासोंचा आर्कूर शोधा. चित्र इतकं मोठं करा की चेहरा विरून नुसत्या रेघा उरतील. मग हळूहळू मागे या.